मेणबत्तीच्या धंद्याचा खरा हिशेब छापा

मा. संपादक,
सविनय जयभीम.

गेल्या महिन्यात आपल्या महिलांच्या पुरवणीत घरबसल्या मेणबत्ती बनवून महिन्याला पन्नास हजार रुपये कमवण्याचा लेख आला होता. त्या दिवसापासून आमच्या घरी बाया विचारायला येत आहेत. आतापर्यंत पाच जणी येऊन गेल्या. एकीने ते कात्रण घडी करून बटव्यात ठेवलं होतं, आणि त्याच बटव्यात कापूस वेचणीचे जमवलेले पैसे होते. तिने कात्रण उलगडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ताई, तुमी तं बनवताच. हे खरं हाय का?" तिला मी जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबलं आहे, पण कापू नये ही विनंती, कारण अर्धा हिशेब छापला तर तो पुन्हा त्या लेखासारखाच होईल.

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावीपर्यंत शिकले. चार एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. सासरे पुलगावच्या कापड गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वावरावरच सगळं आलं. मेणबत्त्यांचं काम मी २०२१च्या दिवाळीनंतर सुरू केलं. आज माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात पहिल्या दिवसापासूनचं मेण, वात, पुडे, उधारी, सगळं लिहिलेलं आहे. या पत्रातले आकडे त्या वहीतले आहेत.

आधी फसवणुकीचं सांगते, कारण कात्रण घेऊन आलेल्या पाचपैकी दोघी त्याच वाटेवर उभ्या होत्या.

सुरुवातीला मी एका छोट्या जाहिरातीवरून फोन केला होता. मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच किलोच्या भावाने परत घेऊ, असं त्यात होतं. माणूस तालुक्याच्या ठिकाणी येऊन भेटला, शंभराच्या मुद्रांकावर करारनामा केला, आमच्या घरच्यांची सही घेतली. ३८,००० रुपये दिले. त्यातले २०,००० बैलजोडीतला एक बैल विकून आलेले होते. मशीन म्हणून जे आलं ते म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन हातसाचे, मेण वितळवायचं एक भांडं आणि ४० किलो मेण. त्या मेणाच्या मेणबत्त्या मी आणि जावेने मिळून अठरा दिवसांत केल्या. माल पाठवला. आठ दिवसांनी निरोप आला की दर्जा बसत नाही, वात मध्यभागी नाही, म्हणून परत न्या. दुसऱ्यांदा पाठवला, तेव्हा फोन लागणं बंद झालं. पुढे नागपूरला इतवारीच्या बाजारात गेले तेव्हा कळलं की तसाच साचा तिथे ३,२०० रुपयांना मिळतो.

मी कुणाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याजवळ आता काही सिद्ध करायला उरलेलं नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती इतर बायांना वेळेत कळावी. मला वाटायचं, आपण धंद्यासाठी मशीन घेतलं, मग आपण ग्राहक कसे? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की स्वतः राबून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही व्यापारी कारणासाठी घेतलेली धरत नाहीत. म्हणजे अशी बाई ग्राहकच असते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून विचारताही येतं. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मला हे समजलं तेव्हा दोन वर्षं उलटून चार महिने झाले होते. आपल्या पुरवणीतल्या लेखाखाली या चार ओळी असत्या, तर त्या सगळ्या लेखापेक्षा जास्त कामाच्या ठरल्या असत्या.

बैल गेला तेव्हा घरात कुणी मला बोललं नाही, हे मला जास्त लागलं. साचे कोपऱ्यात पडून होते. सासूबाई एक दिवस संध्याकाळची वंदना झाल्यावर विझवलेली मेणबत्ती हातात घेऊन म्हणाल्या, "आपल्या वस्तीत रोज किती मेनबत्त्या लागतात, थे मोज ना पयले. नागपूरवाल्याले कायले इकतं?" माझा धंदा त्या वाक्यापासून सुरू झाला असं मी धरते.

मी खरंच मोजल्या. आमच्या वस्तीत ६४ घरं बौद्धांची. बहुतेक घरी संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लागते. दहा नगांचा पुडा एका घरी आठवडा ते दहा दिवस पुरतो. शिवाय विहार. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज ग्रंथवाचन असतं, तेव्हा मागणी वाढते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर, या चार दिवसांच्या आधी तर दुकानात पुडे संपतात. आसपासच्या सहा गावांत मी अशीच फिरले. किराणा दुकानदारांना विचारलं की मेणबत्ती कुठून येते. सगळ्यांची बाहेरून येत होती. एवढी वर्षं आमची गावं दर संध्याकाळी मेणबत्ती लावत आली, आणि ती इथे बनवावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

दुकानातला एक पुडा आणून मी सोनाराच्या काट्यावर ठेवला. दहा नगांचं वजन ८० ग्रॅम भरलं. मी ठरवलं की माझा पुडा ११० ग्रॅमचा असेल, म्हणजे एक मेणबत्ती ११ ग्रॅमची. ती आमच्या घरात पंखा बंद ठेवून दीड तासाच्या वर जळते. जाडीतला फरक हाताला लगेच कळतो, बायांना सांगावा लागत नाही.

आता वहीतला हिशेब. मेण मला पोत्याने घेतलं तर किलोला १४० रुपयांच्या आसपास पडतं. एका पुड्याला ११० ग्रॅम, म्हणजे साडेपंधरा रुपये. वात, पिशवी, चिठ्ठी, सरपण आणि नागपूरहून आणायचं भाडं धरून पुडा १९ रुपयांना पडतो. दुकानदाराला मी २४ला देते, तो ३०ला विकतो. माझ्या हाती पाच रुपये. दोन साच्यांत एका वेळी ६० मेणबत्त्या निघतात. ओतणं, थंड करणं, काढणं, पुन्हा वात लावणं यात अर्धा तास जातो. चार तास काम केलं तर ४८० मेणबत्त्या, म्हणजे ४८ पुडे, म्हणजे २४० रुपये. आमच्याकडे निंदणाला बाईला जी मजुरी मिळते तेवढीच ही पडते. फरक एवढाच की हे काम सावलीत होतं, घरी होतं, आणि पोरगी शाळेतून आली की मी घरी असते. माझ्यासाठी तो फरक फार मोठा आहे.

सहा गावांत मिळून माझे महिन्याला सरासरी ९०० पुडे जातात. म्हणजे साडेचार हजार रुपये. सणाच्या महिन्यात आठ-नऊ हजार होतात, भर पावसात वाट चिखलाची झाली की तीन हजारांवरही येतात.

आता आपल्या लेखातल्या पन्नास हजारांकडे या. पुड्याला पाच रुपये सुटतात, तर पन्नास हजारांसाठी महिन्याला दहा हजार पुडे विकावे लागतील. म्हणजे एक लाख मेणबत्त्या. म्हणजे अकराशे किलो मेण, एका महिन्यात, एका घरात. माझ्या साच्यांवर दिवसाला चार तासांप्रमाणे ते दोनशे दिवसांचं काम होतं. आणि ते सगळं विकायचं म्हटलं तर आमच्यासारखी साठ-सत्तर गावं एकटीने धरावी लागतील. लेख लिहिणाऱ्या ताईंनी ही आकडेमोड पेन्सिलने जरी केली असती तरी तो मथळा आला नसता. त्यांचा हेतू चांगलाच असेल, बायांना हिंमत द्यावी असाच असेल. पण खोट्या आकड्याने दिलेली हिंमत बाईला कर्जात नेते, हे मी बघितलं आहे.

लेखात महाबळेश्वरचं उदाहरण होतं. तिथे दृष्टिहीन बांधव सुंदर मेणबत्त्या बनवतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण महाबळेश्वरला थंड हवा आहे आणि दाराशी पर्यटक आहे. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

हवेबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण विदर्भाच्या बाहेर लिहिलेल्या कोणत्याच माहितीत हे नसतं. साधं पॅराफिन मेण ५८ ते ६० अंशांवर वितळतं. कागदावर वाचलं तर वाटतं, आपला उन्हाळा ४५-४६ अंशांचा, मग काय बिघडणार? पण मेण वितळायच्या खूप आधी मऊ पडतं. टिनाच्या छपरीत दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. २०२२च्या बुद्धपौर्णिमेसाठी मी १२ किलोचा माल करून छपरीत खोक्यांमध्ये उभा रचून ठेवला होता. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी दुपारी जाऊने हाक मारली, "ताई, मेनबत्त्या वाकून रायल्या वं!" खोकं उघडलं तर सगळ्या एकमेकींवर मान टाकून पडल्या होत्या. त्या पौर्णिमेला विहारात दुकानाचीच मेणबत्ती लागली. मी समोर बसून वंदना म्हटली, पण लक्ष त्या मेणबत्तीकडेच होतं.

मेण वाया गेलं नाही, पुन्हा वितळवता आलं. वाया गेली ती वात, मजुरी आणि ठरलेला शब्द.

त्यानंतर मी शिकले ते असं. दुकानात मेण दोन प्रतींचं मिळतं. एकात तेलाचा अंश जास्त असतो, ते स्वस्त पडतं, हाताला चिकट लागतं आणि उन्हाळ्यात आधी लोळतं. दुसरं पूर्ण शुद्ध केलेलं, कडक. आठ-दहा रुपये जास्त गेले तरी फेब्रुवारीनंतर मी कडकच घेते. त्यात स्टिअरिक ॲसिड घालते, उन्हाळ्यात किलोला ८० ग्रॅमपर्यंत, हिवाळ्यात ५० ग्रॅम. त्याने मेणबत्ती कडक होते, दुधासारखी पांढरी दिसते आणि साच्यातून सहज सुटते. माल आता मातीच्या भिंतींच्या माजघरात जमिनीवर आडवा ठेवते, वर ओलं पोतं असतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे भर उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुकानदारांकडे पहाटे माल पोचवते आणि त्यांनाही सांगते की पुडे दाराजवळच्या फळीवर ठेवू नका. तरी मे महिन्यात शंभरातले पाच-सात पुडे परत येतातच, ते मी बदलून देते. तो तोटा हिशेबात धरलेला बरा.

पावसाळ्यात वेगळा त्रास असतो. वातीचं सूत हवेतला ओलावा पितं. तशीच वात लावली की मेणबत्ती तडतडते आणि मधेच विझते. सूत आधी वितळलेल्या मेणात बुडवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवून, ताणून वाळवावं लागतं. वात जाड झाली तर काजळी धरते आणि मेण ओघळतं. बारीक झाली तर ज्योत मेणात बुडते. माझ्या ११ ग्रॅमच्या मेणबत्तीला योग्य वात सापडायला तीन महिने आणि चार प्रकारची सुतं लागली. ते सूतही नागपूरहून येतं. आमच्या दारात कापसाच्या गंजी लागलेल्या असतात, सासऱ्यांचा जन्म गिरणीत सूत कातण्यात गेला, आणि मी वातीसाठी रेल्वेने नागपूरला जाते. दर वेळी गाडी पुलगाव सोडते तेव्हा हे मनात येतंच.

जिवाच्या सुरक्षेबद्दल त्या लेखात एक ओळ नव्हती, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मेण सरळ विस्तवावर ठेवायचं नसतं. मोठ्या गंजात पाणी ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवलं तर मेण पाण्याच्या उकळीच्या वर तापतच नाही. सरळ जाळावर मात्र ते तापत राहतं, धूर सोडतं आणि शेवटी पेटतं. माझ्याकडे एकदा पेटलं. घाईत मी भांडं चुलीवरच ठेवून फोन घ्यायला गेले होते. जाऊने पाण्याची बादली उचलली होती, मी ओरडले म्हणून ती थांबली. पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं की पाणी तळाशी जातं, त्याची तिथेच वाफ होते आणि ती पेटतं मेण चारी बाजूंना उडवते. दोघीही आज बोलायला राहिलो नसतो. झाकण टाकायचं, जाळ ओढून घ्यायचा, झाकण नसेल तर कोरडी माती टाकायची. तेव्हापासून भांड्याशेजारी झाकण आणि मातीचं घमेलं असल्याशिवाय मी चूल पेटवत नाही. नायलॉनची साडी नेसून हे काम करायचं नाही, पदर खोचायचा. हातावर गरम मेण सांडलं तर ते ओरबाडून काढायचं नाही, कातडी सोबत येते. आधी वीस मिनिटं साधं गार पाणी सोडायचं, हळद किंवा टूथपेस्ट लावायची नाही. आपले बरेच लेख "सोपं, मुलंही मदत करू शकतात" असं सांगतात. माझ्या घरात मेण वितळलेलं असताना पोरीला छपरीत पाय ठेवू देत नाही.

सुगंधी मेणबत्तीचं थोडक्यात सांगते. पुण्याच्या भाचीने सांगितलं की काचेच्या भांड्यातली सोयामेणाची मेणबत्ती तिकडे साडेतीनशेला जाते. मी ४० केल्या. सोयामेण पॅराफिनच्या दुपटीने महाग, वरून सुगंधी तेल, वरून काच. एसटीत सहा भांडी फुटली. वर्ध्याच्या प्रदर्शनात तीन दिवसांत अकरा विकल्या गेल्या. बाया उचलायच्या, वास घ्यायच्या, "लय छान हाय" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. एप्रिलमध्ये उरलेल्या भांड्यांत वर तेल सुटलं, कारण सोयामेण पॅराफिनच्याही आधी मऊ पडतं. ज्यांच्याजवळ नागपूर-पुण्याचं गिऱ्हाईक आहे त्यांनी जरूर करावं, त्यात मिळकत आहे हे मी नाकारत नाही. पण खेड्यातल्या बाईने पहिली मेणबत्ती म्हणून ती करू नये.

भांडवलाबद्दल. दुसऱ्यांदा मी सुरुवात केली ती आमच्या बचत गटातून १५,००० रुपये घेऊन, महिना एक टक्का व्याजाने. त्यात एक पोतं मेण, सूत, स्टिअरिक ॲसिड, तापमापी आणि काटा आला. साचे होतेच. दहा महिन्यांत फेडले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारच्या संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. मी एका दुकानात त्याचे ७०० रुपये मोजले, पुढच्या बायांनी मोजू नयेत. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण माझं म्हणणं असं की आधी पाच किलो मेणापासून सुरू करावं, तीन महिने गावात विकून पाहावं आणि मगच कर्जाकडे बघावं. अनुदान मोठं दिसतं म्हणून प्रकल्प मोठा केलेल्या दोन बाया मला माहीत आहेत, दोघींची यंत्रं झाकून ठेवलेली आहेत.

एक गोष्ट सरकारच्या धोरणाची आहे, ती आपण कधी छापलेली मला आठवत नाही. मेणबत्ती ही वस्तू पूर्वी लघुउद्योगांसाठी राखीव होती. एप्रिल २०१५मध्ये राखीव यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू काढल्या गेल्या. त्यात लोणची, अगरबत्ती, काडेपेटी यांच्यासोबत मेणबत्तीही होती. त्या दिवसापासून मोठ्या कारखान्याला मेणबत्ती बनवायला आडकाठी उरली नाही. म्हणजे आम्हाला घरबसल्या मेणबत्ती बनवा असं सांगताना, आमची गाठ कोणाशी आहे हेही सांगितलं पाहिजे. कारखान्याला मेण गाडीने मिळतं, आम्हाला पोत्याने, आणि नवीन बाईला पाच किलोने, किलोमागे तीस-चाळीस रुपये जास्त देऊन. भाव तिथेच हरतो. म्हणून आमच्या प्रभागातल्या तीन गावांच्या गटांनी गेल्या वर्षापासून मेण एकत्र आणायला सुरुवात केली आहे. दहा पोती एका गाडीत आणली तर भाड्यातच पोत्यामागे साठ रुपये वाचतात. उमेद या सरकारी ग्रामीण अभियानातल्या ग्रामसंघांनी, म्हणजे गावोगावच्या बचत गटांच्या संघांनी, हे तालुकाभर केलं आणि भाड्यासोबत मेणाचा भावही उतरला तर प्रत्येक बाईच्या पुड्यामागे रुपया-सव्वा रुपया वाढू शकेल. पाचाचे सव्वासहा होणं बाहेरच्यांना लहान वाटेल, पण आम्हाला तो पाव हिस्सा आहे.

आणखी एक इच्छा आहे. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तो पाहत. तिथे रॉकेलच्या कंदिलाला पर्याय म्हणून, अखाद्य तेलावर जळणारा मगन दीप तयार झाला होता. खेड्यातला उजेड खेड्यातल्या तेलाचा असावा, एवढा विचार त्यामागे होता. आज त्याच जागेत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. माझं पॅराफिन खनिज तेलातून निघतं, कच्च्या तेलाचा भाव हलला की माझा पुडा हलतो. मेळघाटात आग्या मोहोळाचं मेण निघतं, आमच्या रानात मोह आहे, करंज आहे. यातलं काय, किती आणि कशात मिसळलं तर ४६ अंशांत ताठ उभी राहणारी मेणबत्ती होईल, हे तिथल्या जाणत्या मंडळींनी शोधून द्यावं. माझ्या छपरीत त्यांनी कितीही प्रयोग करावेत, मी साचे आणि मेहनत द्यायला तयार आहे. आपण पत्र छापलंत तर ते त्यांच्या वाचनात येईल अशी आशा आहे.

आपल्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. माल परत घेण्याची हमी देणाऱ्या जाहिराती छापण्याआधी जाहिरातदाराकडे अशा तीन बायांची नावं मागावीत, ज्यांचा माल त्याने मागच्या सहा महिन्यांत खरंच विकत घेतला आहे, आणि आपल्या माणसाने त्या तिघींशी बोलावं. आणि यशकथा छापताना त्या बाईची वही बघावी. तिचा पुडा कितीला पडतो, कोण घेतं, किती परत येतो, उधारी किती अडकली आहे, एवढं विचारून छापावं. कापूस, सोयाबीनचे भाव आपण रोज छापता म्हणून व्यापारी आम्हाला फसवताना दोनदा विचार करतो. घरगुती धंद्याचा भावही तसाच उघड झाला पाहिजे.

कात्रण घेऊन आलेल्या त्या बाईला मी पन्नास हजारांचं स्वप्न दिलं नाही. तिला चार दिवस माझ्यासोबत बसवलं, साचा धरायला शिकवलं आणि पाच किलो मेण माझ्या खरेदीच्या भावाने दिलं. तिच्या गावात एक विहार आणि ४१ घरं आहेत. पहिले बत्तीस पुडे तिने मागच्या रविवारी विकले. कापूस वेचणीचे पैसे अजून बटव्यातच आहेत.

आपला प्रतिनिधी आला तर वही दाखवीन, साचेही दाखवीन. फक्त त्यांनी मे महिन्यात यावं आणि दुपारी बारा ते तीन छपरीत बसावं, ही विनंती. ताक मी देईन.

आपली नियमित वाचक,
ता. देवळी, जि. वर्धा
(घरच्या कर्जाचा आणि वस्तीतल्या बायांचा उल्लेख असल्याने नाव व गाव छापू नये.)